तीन मीटर कोअर

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात मँगॅनीजच्या शोधासाठी घेतलेल्या एका बोअरहोलमधील 112 ते 115 मीटर खोलीची कोअर, म्हणजे ड्रिलने कापून काढलेली खडकाची दंडगोल कांडी, अहवाल देऊन झाला तरी, माझ्या मनातून जात नाही.

मी जिथे काम करते ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण 1851 पासून भूमीखाली काय आहे ते शोधते आणि मोजते. खाण काढत नाही. मात्र 2015 पासून खाणपट्टे लिलावाने दिले जातात आणि बोली अशाच अहवालांतील आकड्यांवर लागते, म्हणून साठ्याचा आकडा लिहिताना माझा हात जड होतो. गावकरी विचारतात, “खदान केव्हा लागते जी, मॅडम?” त्यांना तो प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

या बोअरहोलमध्ये धातुक दोनदा लागले. वरच्या थरात आधी अभ्रकी शिस्ट, म्हणजे अभ्रकाचा पापुद्र्यांचा खडक, मग काळे जड धातुक आणि त्याखाली गोंडाइट, म्हणजे गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा तो खडक, ज्याला भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड लोकांवरून नाव दिले. 112 मीटरनंतरची कोअर ठेवलेल्या पेटीत हाच क्रम उलटा होता. क्रम खरोखरच उलटला असेल, तर ही एकाच थराची घडी आहे आणि तिच्या दोन्ही भुजा खाली एकमेकींना मिळून धातुक तिथेच संपते. तो उलटलेला नसेल, तर थर दोन असून दोन्ही खोलवर जाऊ शकतात.

परंतु हा तीन मीटरचा रन, म्हणजे एका खेपेत निघालेली कोअर, रात्रपाळीत नळीतून काढला गेला होता आणि त्यावर खालची दिशा दाखवणारा एकही बाण नव्हता, म्हणजे ती पेटीतच उलटी ठेवली गेली असण्याची शक्यता होती. तुकडे आपसात हाडाच्या सांध्यासारखे जुळत होते. दोन्ही टोकांना मात्र चुरा होता आणि वरच्या-खालच्या रनमध्येही तसेच चुरडलेले शिस्ट. कोअर पकडणाऱ्या स्प्रिंगचे ओरखडे तळाच्या टोकावर उमटतात, म्हणून मी तुकडे धुऊन भिंगाखाली पाहिले. चुऱ्यावर ओरखडे टिकत नाहीत. पेटी भरणारा मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, “आठवत नाही.” मी त्याला दोष देत नाही. कंत्राटदार मजुरी मीटरवर देत असेल, तर बाण काढण्यात घालवलेल्या पाच मिनिटांचे पैसे त्याला कोण देणार?

अहवालात मी घडी गृहीत धरून कमी आकडा दिला, शंका स्पष्ट नोंदवली आणि शेजारी दुसऱ्या बोअरहोलची शिफारस केली. सहकाऱ्यांपैकी काहींना हा फाजील सावधपणा वाटतो. धातुक खरोखर दोन थरांत असेल, तर मी त्या तालुक्याचा साठा कमी दाखवला आहे, हे मलाही कळते. दुसरा बोअरहोल घेतला जाईल तेव्हा त्या खोलीचा रन नळीतून बाहेर येताना, रात्रपाळी असली तरी, खडू माझ्या हातात असेल.