काढून टाकलेली रीडिंग्ज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वडोदऱ्यात मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, राहणारी दांडिया बाजारातली, प्रोजेक्टचा ग्राफ घेऊन आली. वर्गात गुजराती आणि इंग्रजी चालतं, पण लॅब रिकामी झाली की आम्ही दोघं मराठीवर येतो.

विषय मीच दिला होता. 2005 साली आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेला एक अंधूक तारा काही दिवस उजळला, त्याच्या नोंदी. तो स्वतः उजळला नव्हता. त्याच्या आणि आपल्या मधून दुसरा तारा सरकत गेला, आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागचा प्रकाश वाकवून आपल्याकडे जास्त पाठवला. 31 जुलैला तेज सुमारे तिप्पट झालं, मग उतरत गेलं. ती चढउतार तिने सुरेख काढली होती. पण उतारावर, 10 ऑगस्टच्या सुमारास, एक छोटासा उंचवटा असायला हवा होता. त्याच्यासाठीच तर मी या नोंदी निवडल्या होत्या. तिला तसं मुद्दाम सांगितलं नव्हतं.

"इथली रीडिंग्ज कुठं गेली गं?"

"सर, ती कर्व्हवर बसत नव्हती, काढून टाकली. सेकंड इयरला तुम्हीच सांगायचात ना, रेषेबाहेरचं रीडिंग धरू नका म्हणून."

सांगत होतो खरं. लंबकाच्या, स्प्रिंगच्या प्रॅक्टिकलला वर्षानुवर्षं सांगत आलो, कारण ग्राफ नीटस दिसतो आणि बॅच वेळेत सुटते. मला फार वाईट वाटलं.

"सगळी परत टाक. कुठलं कुठल्या दुर्बिणीचं, ते वेगवेगळ्या रंगांत दाखव."

बाहेर पाऊस कोसळत होता. ती तासभर मान खाली घालून बसली. आधीचे बिंदू चिलीतल्या ला सिला वेधशाळेचे, 1.54 मीटरच्या डॅनिश दुर्बिणीचे. पुढचा अर्धा भाग ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, तिथली दुर्बीण जेमतेम 0.6 मीटरची. मग तिने वर बघितलं.

"सर, चुका अशा रांगेत येतात का? आणि दोन खंडांत एकदम?"

हे तिला स्वतःला सुचलं. मग मी सांगितलं: मधल्या ताऱ्याभोवती एक ग्रह आहे, पृथ्वीच्या साडेपाच पट वस्तुमानाचा, सुमारे 20 हजार प्रकाशवर्षांवर. हा उंचवटा त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा. साधारण दिवसभरच टिकला. एका ठिकाणी उजाडलं की दुसऱ्या ठिकाणी रात्र हवी, म्हणून जगभरच्या दुर्बिणी पाळीपाळीने त्या ताऱ्यावर होत्या. जानेवारी 2006 मध्ये शोध जाहीर झाला.

"परत कधी दिसेल, सर?"

"हे दोन तारे पुन्हा असे एका रेषेत यायचे नाहीत."

तिने ग्राफ परत उघडला आणि बिंदू एकदा मोजून घेतले.