अंड्यातलं पांढरं जातं कुठे?

एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर पडलं की मागे उरतं रिकामं कवच, आतला पातळ पापुद्रा आणि थोडी पांढरट घाण. 60 ग्रॅमच्या अंड्यात 35 ग्रॅमच्या आसपास पांढरं होतं, ते गेलं कुठे? ते फक्त धक्के सोसायला असतं, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. पिल्लू ते पितं, तेही चोचीने.

पांढऱ्यात सुमारे 88 टक्के पाणी आणि साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिनं. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त ओव्हअल्ब्युमिन, म्हणजे खरा शिधा. बाकीची प्रथिनं आधी राखण करतात आणि शेवटी तीही खाल्ली जातात. ओव्होट्रान्सफेरिन लोह धरून ठेवतं, जिवाणूंच्या हाती लागू देत नाही. लायसोझाइम त्यांची भिंतच फोडतं.

आता क्रम बघा. पहिल्या आठवड्यात पांढऱ्यातलं पाणी पिवळ्यात शिरतं आणि गर्भाखाली साठतं. मागे राहिलेलं पांढरं घट्ट होत टोकदार बाजूला बसतं. 12व्या दिवसाच्या सुमारास हे पांढरं आणि गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी यांच्यात वाट उघडते, पांढरं त्या पिशवीत उतरतं आणि पिल्लू ते गिळू लागतं. काही आतड्यात पचतं, काही आतड्यातून उलटं पिवळ्याच्या पिशवीत जातं आणि तिथल्या रक्तवाहिन्यांमधून अंगी लागतं.

ऊर्जेचं काम मुख्यतः पिवळ्यातली चरबी करते, 90 टक्क्यांहून जास्त. प्रथिनांचं काम अंग बांधण्याचं. पण शेवटच्या दोन-तीन दिवसांत अडचण येते. कवच फोडायला जोर लागतो, त्या वेळी ऑक्सिजन अपुरा, आणि त्याशिवाय चरबी जळत नाही. लागते ती साखर, आणि ती तर अख्ख्या अंड्यात एक ग्रॅमही नसते. मग पिल्लू प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं आणि ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात, स्नायूंत साठवतं. वर म्हटलेली पांढरट घाण म्हणजे प्रथिनं वापरून उरलेलं युरिक ॲसिड.

अंडी फिरवण्याचं महत्त्व इथेच आहे. ‘गर्भ कवचाला चिकटू नये म्हणून फिरवा’ हे खरं, पण अर्धंच. न फिरवलेल्या अंड्यात गर्भाखाली पाणी कमी साठतं, रक्तवाहिन्यांचं जाळं नीट पसरत नाही आणि पांढऱ्याची ती वाट धड तयार होत नाही. सर्वांत नाजूक दिवस 3 ते 7. चूक तेव्हा होते, दिसते मात्र दोन आठवड्यांनी. उबवणीच्या मशीनमध्ये अंडी दर तासाला 45 अंशांच्या कोनात कलतात, एकदा या बाजूला, एकदा त्या. हाताने करत असाल तर दिवसातून 3 किंवा 5 वेळा. विषम आकडा एवढ्यासाठी, की रात्रभर रोज एकच बाजू वर राहू नये. पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा, घोळ होत नाही. खुडूक कोंबडी हे सगळं पायाने आणि चोचीने करते, तिला शिकवावं लागत नाही.

18व्या दिवशी अंधारात टॉर्च टोकदार बाजूला लावा. तिथे पूर्ण काळं दिसलं तर पांढरं संपलंय. उजेड पार येत असेल तर ते अजून शिल्लक आहे. अशा अंड्यातलं पिल्लू लहान, चिकट, पिसं कवचाला डकलेली. बरीच तर फुटण्याआधीच मरतात.

फिरवणं चोख असूनही उजेड दिसत असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, तापमान 37.5 अंश सेल्सिअसखाली राहिलं का. थंडीत लाईट गेली की हे हमखास होतं. दुसरी, वजन. 50 ग्रॅमचं गावरान अंडं 18व्या दिवशी 44 ग्रॅमच्या आसपास यायला हवं, म्हणजे 11 ते 13 टक्के घट, ती कवचातून उडालेल्या पाण्याची. किचनचा वजनकाटा पुरतो. आपल्याकडे नेमकं इथेच फसतं. पावसाळ्यात इगतपुरीकडे हवाच एवढी ओली, की मशीनमधली पाण्याची ताटली काढून टाकली तरी चालतं. एप्रिलमध्ये निफाड-सिन्नरला उलट: ताटली सुकली की अंडी जास्त वाळतात आणि पापुद्रा पिल्लाला आवळतो. 18 दिवसांपर्यंत आर्द्रता 50 ते 55 टक्के, नंतर 65 ते 70.

न फुटलेली अंडी फेकून देऊ नका. बोथट बाजूने फोडा, हवेची पोकळी किती आहे ते बघा, मग टोकाकडे बोट घाला. चिकट पांढरा गोळा लागला आणि पोकळी लहान असेल तर ओलावा जास्त झाला. पोकळी ठीक असून गोळा असेल तर आधी फिरवण्याच्या मोटरवर संशय घ्या. ती अनेकदा गुपचूप बंद पडलेली असते, आणि बाहेरचा दिवा मात्र चालू.