नाडी परत आली, मग नुकसान का वाढतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी फोंड्याला शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे किनाऱ्यावर कुणी बुडाल्याची बातमी आली की हा प्रश्न ठरलेला: ‘सर, माणसाला बाहेर काढलं, नाडी परत आली, प्राणवायूही मिळतोय. मग दोन-तीन दिवसांनी मेंदूचं नुकसान वाढतं कसं?’

प्राणवायू तुटला की मेंदूतली पेशी आधी प्रथिनं बनवणं आवरतं घेते. काम महागडं आहे ना! प्रथिनाच्या साखळीत अमिनो आम्लाची एकेक कडी जोडायला चार एटीपींइतकी ऊर्जा जाते; एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन. प्राण्यांवरच्या प्रयोगांत रक्तपुरवठा निम्म्यावर येताच, ऊर्जा संपायच्या पुष्कळ आधी, हे उत्पादन मंदावलेलं दिसतं.

खरी गंमत पुढे आहे. प्रथिनाची साखळी सुरू करून देणारा ‘ईआयएफ-2’ नावाचा घटक असतो. त्याला फॉस्फेट चिकटला की नव्या साखळ्या सुरूच होत नाहीत. आणि मेंदूत हा फॉस्फेट झपाट्याने चिकटतो तो रक्त परत वाहू लागल्यावर! ‘पर्क’ नावाचं विकर (एन्झाइम) ते काम करतं. म्हणजे संकट टळलंय असं आपल्याला वाटतं, तेव्हा पेशीने टाळं लावलेलं असतं.

टाळं सरसकट नसतं. आपल्याकडे पावसाळी मासेमारीबंदीत 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, पण वल्ह्याच्या होड्या जातात, तसंच. ‘एटीएफ-4’सारखी डागडुजीला लागणारी मोजकी प्रथिनं या काळात उलट जास्त बनतात.

पेशीने घातलेली ही बंदी मला शहाणपणाचीच वाटते. घात होतो ती उठत नाही तेव्हा. 1982 मध्ये जपानच्या किरिनो यांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटं तोडून पाहिला. हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागातल्या ‘सीए-1’ पेशी सुरुवातीला ठीक दिसल्या आणि काही दिवसांनी मेल्या. शेजारच्या भागांत प्रथिनं पुन्हा बनू लागतात. या पेशींत ते काम नीट सुरूच होत नाही.

मग औषधाने टाळं उघडावं का? हा प्रश्नही मुलं विचारतात. घाईने उघडलं तर आधीच तुंबलेल्या पेशीत नीट घडी न पडलेल्या प्रथिनांची भर पडते. काही प्रयोगांत तर बंदी लांबवल्यानेच पेशी वाचल्या.

तेव्हा अतिदक्षता विभागातले डॉक्टर ‘तीन दिवस बघू’ म्हणाले तर ती टाळाटाळ समजू नका. शामक औषधांचा अंमल उतरायचा असतो, हे एक कारण. आणि पेशींचा निकाल लागायचा असतो, हे दुसरं.