84 स्लाइड आणि 10 खोकी

स्टोअरमधल्या 22 जणांना मालाच्या नोंदीचं नवं सॉफ्टवेअर शिकवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी लगेच स्लाइड करायला बसले. तीन रात्री जागून 84 केल्या. दिवसभराच्या सत्रात 'समजलं ना?' विचारलं की सगळ्या माना डोलायच्या. फीडबॅकच्या फॉर्मवर पाचपैकी पाच. महिनाअखेरीला साठा मोजला, तर स्क्रीनवर एक आकडा आणि रॅकवर दुसरा. तफावत होती तेवढीच.

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. लोकांना आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, संस्थेच्या पदरात काय पडलं. मी पहिल्याच पायरीवर बसून पाचपैकी पाच मोजत होते.

साहेब म्हणाले, सत्र पुन्हा घ्या. मी दोन दिवस मागून घेतले आणि माल उतरतो तिथे खुर्ची टाकून बसले. पहिला दिवस फुकट गेला. मी बघतेय म्हणून सगळे जपून काम करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्यांची गर्दी झाली आणि मग दिसलं. मालासोबत येणाऱ्या चलनावर खोकी लिहिलेली, सॉफ्टवेअर मागतं नग. घाईत 10 खोक्यांचे 10च टाकले जातात आणि आत असतात 240 नग. माझ्या स्लाइडमध्ये याबद्दल एक ओळ होती, तीही कोपऱ्यात.

स्टोअरमधले सगळ्यात जुने काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही विचारलंत कुठे?"

याला उत्तर नव्हतं.

दुसऱ्या खेपेला स्लाइड नव्हत्याच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना लवकर तयार करायला चार टप्प्यांची एक पद्धत वापरत, ती घेतली. माणसाची तयारी करून घ्यायची, काम करून दाखवायचं, त्याच्याकडून करून घ्यायचं आणि नंतर कामाच्या जागी जाऊन बघायचं. एका वेळी सहा जण, पाऊण तास, समोर जुनी खरी चलनं. करून दाखवायला मी नाही, काका. नोंद करताना प्रत्येकाने 'हे असं का' तेही बोलून दाखवायचं. तिथेच कळायचं की कोण नुसतं बघून बटणं दाबतोय.

सगळ्यात जड गेलं ते साहेबांना बाहेर थांबायला सांगणं. पण वीस वर्षं काम केलेला माणूस साहेबांसमोर, त्यातून कालच्या पोरांसमोर चुकायला तयार होत नाही. तो गप्प बसतो आणि आपण समजतो त्याला आलं. साहेब जरा फुगले, पण थांबले.

एकदा शिकलेलं किती झपाट्याने पुसलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. म्हणून तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी मी काउंटरवर जाऊन प्रत्येकाला एकेक चलन दिलं. पाच मिनिटांचं काम. दहाव्या दिवशी चौघे पुन्हा खोक्यातच अडकले, त्यांना तिथेच, उभ्याउभ्या परत करायला लावलं.

पुढच्या मोजणीत खोकी-नगांचा घोळ जवळजवळ संपला होता. परत आलेल्या मालाच्या नोंदी मात्र अजून चुकतात. काकांनी त्यातली दोन चलनं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहेत.