पंच्याहत्तर कला मागे

दसऱ्यानंतरचा सोमवार होता, १४ ऑक्टोबर २०२४. दुपारभर साताऱ्यावर ढग होते. चारच्या सुमारास पश्चिमेची बाजू मोकळी झाली आणि मी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकच शब्द टाकला, 'निघायचं'. सूर्यास्ताआधी आम्ही सहा जण यवतेश्वरचा घाट चढून वर पोहोचलो होतो.

मी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतूची वाट आम्ही जवळजवळ वर्षभर पाहत होतो. जानेवारी २०२३ मध्ये चीनच्या पर्पल माउंटन (चिनी नाव त्सुचिनशान) वेधशाळेला तो आधी दिसला आणि फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या ॲटलासच्या दुर्बिणीने तो पुन्हा टिपला, म्हणून हे जोडनाव. २७ सप्टेंबरला तो सूर्याजवळून गेला. २ ऑक्टोबरला, सर्वपित्री अमावास्येच्या पहाटे, आम्ही याच जागी आलो होतो, पण धुक्यापलीकडे काही दिसलं नाही. दसऱ्याच्या दिवशी तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे ७ कोटी किलोमीटरवर आला आणि संध्याकाळच्या आकाशात उतरला.

अंधार पडत गेला तसा नैर्ऋत्येला शुक्र दिसला, उजवीकडे खाली स्वाती, आणि त्या दोघांच्या मध्ये तो. डोकं खाली, पिसारा वर. मुलं एकदम गप्प झाली. रस्त्यावरच्या कणसांच्या गाडीवाल्या आजोबांनी शेगडी तशीच ठेवली, आमच्यात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे तर शेंडेनक्षत्र."

नुसतं बघायला आलो नव्हतो. तीन कामं ठरली होती: जागा मोजायची, तेज मोजायचं आणि दोन्ही वहीत लिहायचं.

तेजाचं काम अवघड. ताऱ्याचं तेज एका बिंदूत असतं, धूमकेतूचं पसरलेलं. दोघांची तुलना करायची तर ताराही पसरवावा लागतो. दुर्बिणीत तो फोकसबाहेर नेऊन हे करतात, पण इतक्या तेजस्वी धूमकेतूसाठी जाड भिंगाचा चष्मा काढला तरी भागतं. माझा नंबर उणे साडेचार आहे. चष्मा काढला की स्वाती एक मऊ ठिपका होते आणि धूमकेतूही तसाच होतो, मग दोन ठिपके शेजारीशेजारी तोलता येतात. स्वातीची प्रत शून्याच्या किंचित खाली, म्हणजे उणे ०.०५ (प्रतीचा आकडा जितका लहान, तितकं तेज जास्त). मला धूमकेतू तिच्याहून थोडा फिका वाटला. एका मुलाला दोघं सारखेच वाटले, एकीला तो चांगलाच फिका वाटला. त्यात स्वाती क्षितिजाला जास्त टेकलेली, म्हणजे तिचा प्रकाश जास्त जाड हवेतून येणार आणि जास्त गळणार. अभिजित खूप वर होती, तिच्याशी तुलना करणं आणखी धोक्याचं. प्रत्येकाने दुसऱ्याचा आकडा न बघता आपापला आकडा लिहायचा, एवढा एकच नियम मी घातला होता.

धूमकेतूच्या तेजाचं भाकीत नेहमीच डळमळीत असतं. बर्फ किती उडेल, धूळ किती निघेल, गाभा टिकेल का, हे गणितात बसवता येत नाही. जुलैमध्ये झ्देनेक सेकानिना या धूमकेतूंच्या जाणत्या अभ्यासकाने हा सूर्यापाशी पोहोचण्याआधीच विस्कटेल असं मांडलं होतं. २०१३ चा आयसॉन खरोखरच विस्कटला होता. हा मात्र टिकला, आणि ९ ऑक्टोबरच्या सुमारास पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूला असताना त्याच्या धुळीतून पुढे फेकल्या गेलेल्या प्रकाशाने तो सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या चित्रांत लखलखला.

जागेचं मात्र तसं नसतं. तिथे न्यूटनचा हिशोब चालतो आणि आकडे विकलांपर्यंत मिळतात (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). म्हणून जागेची मला काळजी नव्हती.

आम्ही १३५ मिलिमीटरच्या लेन्सने दहा-दहा सेकंदांचे फोटो काढले, पहिला ६:५५ ला, शेवटचा ७:१० ला. साडेआठला प्रयोगशाळेत परतलो. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने फोटो संगणकावर घेतले. फोटोतले तारे ओळखून प्रोग्राम प्रत्येक बिंदूचे विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, देतो. तिने डोक्यातल्या सर्वांत तेजस्वी ठिपक्यावर खूण केली, आकडे घेतले आणि ग्रह-धूमकेतूंच्या जागा सांगणाऱ्या नासाच्या जेपीएलच्या होरायझन्स सेवेतून मी आदल्या आठवड्यात छापून ठेवलेल्या तक्त्याशी ताडले.

फरक आला ७५ कला. सव्वा अंश! पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ अडीचपट.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"मॅडम, फुटला असेल का? म्हणून सरकला असेल?"

क्षणभर मलाही तसं वाटलं, हे मान्य करते. पण ७ कोटी किलोमीटरवर ७५ कला म्हणजे पंधरा लाख किलोमीटरहून जास्त, पृथ्वी-चंद्र अंतराच्या चौपट. वायूचे फवारे धूमकेतूला ढकलतात हे खरं, पण इतकं कधीच नाही. मग मी म्हणाले, तारे ओळखण्यात चूक झाली असेल, हे मोजमाप सोडून देऊ, उशीर झालाय. मुलींच्या घरून फोन येत होते.

ती उठली नाही. म्हणाली, "तारे बरोबर आहेत, मी सात तारे हाताने तपासले. आकडा वहीत लिहू ना?"

मी गप्प बसले. तिने लिहिला. मग तिने एक गोष्ट केली जी मला सुचली नव्हती. पहिल्या आणि शेवटच्या फोटोतल्या जागा जोडून एक रेघ काढली आणि ती पुढे वाढवली. आमच्या तक्त्यातला बिंदू बरोबर त्या रेघेवर आला. म्हणजे धूमकेतू वाट चुकला नव्हता. वाट तीच होती, तो फक्त मागे होता.

किती मागे? पंधरा मिनिटांत तो ३.४ कला सरकला होता, म्हणजे ताशी १३.६. मी फळ्यावर भागाकार मांडला. पंच्याहत्तर भागिले साडेतेराच्या आसपास.

साडेपाच.

साडेपाच तास! फळ्याकडे बघत आम्ही सगळेच उभे राहिलो. ग्रीनिच आणि भारत यांच्या वेळेतला फरक. तक्ता मागवताना मी ७:०५ ही आपली संध्याकाळची वेळ जशीच्या तशी घातली होती आणि होरायझन्सने ती जागतिक वेळ धरली होती. खरी जागतिक वेळ दुपारी १:३५ होती. ७ कोटी किलोमीटरवरून, सूर्याला वळसा घालून येणाऱ्या बर्फाच्या गोळ्याने माझ्या तक्त्यातली भारतीय प्रमाणवेळ अचूक दाखवून दिली होती. अंगावर काटा आला.

नवा तक्ता मागवला. या वेळी वेळ तिनेच घातली, मी फक्त शेजारी उभी राहिले. फरक उरला १४ विकला, आमच्या लेन्सच्या अडीच पिक्सेलांपेक्षाही कमी. एक मुलगा उड्या मारत होता. मी मुलींच्या घरी फोन करून सांगितलं की अर्ध्या तासात स्वतः सोडायला येते.

गाडीत तिने विचारलं, हा परत कधी येणार? मी म्हटलं, त्याची कक्षा बंद लंबवर्तुळ नाही, अन्वस्त या उघड्या वक्राच्या किंचित पलीकडची आहे, म्हणजे बहुधा कधीच नाही. पुढचा सगळा वेळ ती खिडकीतून वर बघत होती.

दोन दिवसांनी कोजागिरी. महाविद्यालयाच्या गच्चीवर दूध आटत होतं आणि चंद्राने सगळं आकाश धुऊन काढलं होतं. नुसत्या डोळ्यांना धूमकेतू जेमतेम वाटला न वाटला, दुर्बिणीत मात्र सापडला. चष्म्याच्या युक्तीचा आज काही उपयोग नव्हता, म्हणून तेजाच्या रकान्यात आम्ही 'चंद्रप्रकाश, अंदाज नाही' असं लिहिलं. जागा मात्र मोजली. वहीच्या पानावर तिने आता दोन रकाने आखले होते, 'आपली वेळ' आणि 'जागतिक वेळ'. आदल्या पानावरचे ७५ कला तिने खोडले नव्हते.