चार ग्रॅम कॉस्टिक

"०.१ नॉर्मल कॉस्टिक कसं बनवशील?"

आज कुपवाड एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये, नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या मुलाची मुलाखत. कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आणि ०.१ नॉर्मल ही द्रावणाची ताकद. "चार ग्रॅम, लिटरभर पाण्यात," उत्तर लगेच आलं.

"मग बाटलीवर ०.१ लिहून टाकायचं?"

"हो सर."

ते "हो सर" अजून डोक्यातून जात नाहीये.

कॉस्टिकचे दाणे तोलता तोलताच ओल धरतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. काट्यावरचे चार ग्रॅम खरे चार नसतातच. म्हणून केएचपी, म्हणजे ज्याच्या वजनावर भरवसा ठेवता येतो असं शुद्ध, आम्लधर्मी रसायन, ओव्हनमध्ये वाळवायचं, डेसिकेटरमध्ये (ओल न लागणाऱ्या बंद भांड्यात) थंड करायचं, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास नेमकं तोलायचं, पाण्यात विरघळवायचं आणि फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकेपर्यंत ब्युरेटमधून (खुणांच्या नळीतून) कॉस्टिक सोडायचं. ०.५१०५ ग्रॅमला २५ मिली लागलं तर द्रावण ०.१. २६ लागलं तर ०.०९६, आणि तोच आकडा बाटलीवर, तारखेसकट.

पोरगा हुशार होता. बायोडाटात एचपीएलसी होतं, जीसी होतं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं. पण बऱ्याच कॉलेजांत द्रावणं तयारच मिळतात. लॅबमधले मामा आदल्या दिवशी करून ठेवतात.

सांगली-मिरजेतल्या सर-मॅडम, ती बाटली एकदा तरी मुलांनाच भरू द्याल का?