हिरोशिमा, पण नंतर

काल लेकाला पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्कीची ‘थ्रेनोडी’ (म्हणजे शोकगीत) ऐकवली, तर अर्ध्या मिनिटात हेडफोन काढून म्हणतो, बाबा, मांजरं भांडतायत का?

हसलो, पण डोक्यातून जाईना. ५२ तंतुवाद्यं, सुरुवातीलाच प्रत्येकजण आपल्या वाद्यावरचा जमेल तितका वरचा स्वर काढतो, मध्येच व्हायोलिनच्या लाकडावर टकटक पण करतात.

ही हिरोशिमाच्या बळींसाठीची रचना म्हणून जगभर गाजलेली, पण १९६०च्या सुमारास लिहिली तेव्हा नाव नुसतं ‘८ मिनिटं ३७ सेकंद’, हिरोशिमा नंतर आलं! (आणि हाच माणूस पुढे चक्क एकोणिसाव्या शतकातल्या भावपूर्ण रोमँटिक वळणाच्या सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदरचना) लिहीत, पोलंडमधल्या लुसवावित्से गावातल्या घराभोवती झाडं लावत बसला, २०२०मध्ये गेला.)

मला त्या रचनेत सायरन, किंकाळ्या सगळं ऐकू येतं. नाव माहीत नसतं तर आलं असतं?